अर्धा स्टॉप आणि जरासं

बाजारात त्याला 'अर्धा ग्रॅम' म्हणत. तोंडावर नाही. तोंडावर सगळे 'या साहेब, बसा साहेब, पाणी घ्या' असंच म्हणत, पण तो पुढच्या दुकानाकडे वळला की 'अर्धा ग्रॅम निघाला' हा निरोप त्याच्या आधी गल्लीच्या टोकाला पोहोचलेला असे. तो वजनमापे खात्यात निरीक्षक होता. एकदा एका वाण्याचा काटा त्याने फक्त अर्ध्या ग्रॅमच्या फरकासाठी तार बांधून, शिशाचा ठोकळा लावून, शिक्का मारून बंद केला होता. वाणी म्हणाला होता, "साहेब, अर्ध्या ग्रॅमनं कोणाचं काय बिघडतं?" त्यावर याने त्याला पाऊण तास समजावून सांगितलं होतं. काटा बंद झाल्याचं वाण्याला तितकंसं लागलं नाही. पाऊण तास लागला.

खरं सांगायचं तर ते टोपणनाव त्याला मनातून आवडायचं. पंचाईत एवढीच होती की हा माणूस घरी आला तरी निरीक्षकच असायचा. बाळाच्या दुधाची पावडर चमच्यात घेतली की तो ती पट्टीने सपाट करायचा, मग खाली वाकून डोळ्यांच्या रेषेत चमचा धरायचा, आणि तोवर नऊ महिन्यांची त्याची लेक भुकेने घर डोक्यावर घ्यायची. शेवटी बायकोने त्याच्याकडून ते खातं काढून घेतलं. "तुम्ही फक्त ढेकर काढा," ती म्हणाली. "ती मोजून काढावी लागत नाही."

गेल्या काही महिन्यांपासून बायकोचे वडील त्यांच्याकडे राहायला आले होते. सासरेबुवांनी चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. अर्ध्या गावाचा पहिला फोटो त्यांनी काढलेला, आणि पुष्कळांचा शेवटचाही. आता त्यांचे डोळे चालले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की नजर कडांकडून आत आत मिटत येते आहे; औषधाने वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. जे आहे ते आणखी वर्षभर धरून चालावं. सासरेबुवा स्वतः हे फार सोप्या शब्दांत सांगत. "कागदाची सुरळी करून डोळ्याला लावा. तेवढं माझं जग."

आता गंमत बघा. त्या सुरळीतून त्यांना घड्याळ दिसे, दाराची कडी दिसे, चहाच्या कपाचा कान दिसे. जे जागेवर थांबतं ते सगळं दिसे. आणि घरातली एकच गोष्ट जागेवर थांबत नव्हती. नात नुकती रांगायला लागली होती. सासरेबुवा तिला शोधत मान वळवत, एक गाल सापडे, दुसरा सापडेपर्यंत पहिला सोफ्याखाली गेलेला असे.

"इथे आल्यापासून," ते एकदा लेकीला म्हणाले, "मी तिला तुकड्यातुकड्यांनी पाहतोय. तिचं नाक पाहिलंय, कान पाहिलाय, परवा एक डोळा पाहिला. सगळी एकदम नाही पाहिली."

ते हसत हसतच म्हणाले, पण बायको स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ उघडा ठेवून उभी राहिली. निरीक्षकाने नळ बंद केला. पाणी वाया जात होतं म्हणून नाही. म्हणजे, थोडं म्हणूनही.

मोबाइलवर फोटो होते, शेकड्यांनी होते. पण पडद्याचा उजेड म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत भाल्यासारखा घुसे. बायकोने एक छापून आणला. सासरेबुवांनी तो लांब धरला, जवळ धरला. "छान आहे," म्हणाले. मग जरा वेळाने, "हिच्या तोंडावर उजेड येतोय तरी कुठून? सगळीकडून? मग नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो, ते मला कसं कळायचं?" ज्याचं उभं आयुष्य खिडकीच्या उजेडावर गेलं, त्याला सावलीशिवाय चेहराच सापडेना.

मग ट्रंकेतून त्यांचा जुना कॅमेरा निघाला. वरून खाली बघायचा, दोन भिंगांचा, डब्यासारखा. त्याच्यासोबत एकच फिल्म उरली होती, मुदत उलटून गेलेली. बारा फोटो. आणि एक हातात मावणारं मीटर, उजेड मोजायचं.

मोजायचं म्हटल्याबरोबर निरीक्षकाचे कान टवकारले.

"बाबा," तो म्हणाला, "फोटो मी काढतो."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात प्रेमही होतं आणि दुधाच्या पावडरीचा चमचाही होता.

सासरेबुवांनी त्याला एका दुपारी सगळं शिकवलं. कॅमेऱ्याच्या शटरचे बाकीचे वेग केव्हाच झोपले होते. एक साठांश सेकंद तेवढा जागा होता. म्हणजे उजेड कमीजास्त करायचा तो भिंगाच्या रिंगनेच. रिंगवर आकडे होते: चार, पाच पॉइंट सहा, आठ, अकरा. आकडा मोठा तेवढं भोक लहान. एका आकड्यावरून पुढच्यावर गेलं की आत जाणारा उजेड बरोब्बर निम्मा. या एका पायरीला म्हणायचं एक स्टॉप.

"बरोब्बर निम्मा?" निरीक्षकाचे डोळे चमकले. एवढी शिस्तीची वस्तू त्याने घरात कधी पाहिली नव्हती.

मग त्याने मीटर खिडकीपाशी धरलं, आणि काटा पाच पॉइंट सहा आणि आठ यांच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

"बाबा, हा कुठल्याच आकड्यावर नाही."

"मग अर्धा स्टॉप धरा."

"रिंगवर अर्धा कुठे लिहिलाय?"

"लिहिलेला नाही. दोघांच्या मध्ये ठेवा. आणि फिल्म जुनी आहे हो, वय झालं की जास्त उजेड लागतो. म्हणून मधून जरासं मागे, पाचसहाकडे."

"जरासं म्हणजे किती?"

सासरेबुवांनी विचार केला. खरोखर केला, कारण चाळीस वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. "जरासं म्हणजे, जावईबापू, जरासंच."

निरीक्षकाला त्या रात्री झोप नीट लागली नसणार, कारण सकाळी उठल्या उठल्या तो कागद घेऊन बसला. पाच पॉइंट सहा आणि आठ यांची बेरीज, भागिले दोन. सहा पॉइंट आठ. कागदाला दोन रेघा मारून तो चहाला आला, आणि नेमक्या त्याच वेळी वरच्या मजल्यावरच्या गणिताच्या बाई साखर परत करायला आल्या.

बाई निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण चुकीचं गणित त्यांना भिंतीपलीकडूनही कळे. त्यांनी कागद पाहिला आणि चष्मा पुसला. जिन्यातल्या सगळ्या आजीमाजी विद्यार्थ्यांना या चष्मा पुसण्याचा अर्थ माहीत होता.

"हे काय लिहिलंस?"

"मधला आकडा, बाई."

"हा मधला? अरे, इथे पायरीगणिक निमपट होतंय! इथे बेरीज करून निम्मे करतात का? गुणाकार कर आणि वर्गमूळ काढ. सहा पॉइंट सात!"

"सहा पॉइंट आठ आणि सहा पॉइंट सात यांत एका दशांशाचा फरक आहे, बाई."

"तू अर्ध्या ग्रॅमसाठी माझ्या भाच्याचा काटा बंद केला होतास," बाई म्हणाल्या.

बाई पोराला कडेवर घ्यावं तसा तो कागद घेऊन बसल्या, आणि रविवारची सकाळ वर्गमुळात गेली. मग प्रश्न आला की रिंगवर सहा पॉइंट सात कुठे येतो. निरीक्षकाने कागदाची बारीक पट्टी कापली, तिच्यावर सुईच्या टोकाने वीस भाग पाडले आणि ती रिंगभोवती चिकटवली. त्यात आणखी एक तास. भिंगातून बघून, मोजून, पडताळून दोघांनी निकाल काढला. सहा पॉइंट सातची जागा दोन आकड्यांच्या अगदी मधोमध येत होती.

"म्हणजे मध्येच," कोपऱ्यातून सासरेबुवा म्हणाले.

"पण आता ते सिद्ध झालं," बाई म्हणाल्या. निरीक्षकाने मान हलवली. सिद्ध होण्याचा आनंद ज्याला कळत नाही त्याला तो सांगून कळत नाही.

मग बाळाला खिडकीपाशी सतरंजीवर बसवलं आणि काम सुरू झालं. निरीक्षक गुडघे टेकून लेकीच्या गालाजवळ मीटर धरी. काटा वाची. पाच पॉइंट सहाच्या पुढे साडेनऊ भाग. उठे, कॅमेऱ्याकडे जाई, डोळ्याला भिंग लावून पट्टीवर साडेनऊ भाग शोधे, रिंग फिरवी. मग कॅमेऱ्यात वरून डोकावे, तर सतरंजीवर नुसतं लाकडी बदक. लेक मीटरच्या मागे मागे निघालेली असे.

त्यात त्या कॅमेऱ्याची खोड अशी की आतलं चित्र उलटं, डाव्याचं उजवं. बाळ डावीकडे पळालं की हा उजवीकडे कॅमेरा फिरवी, आणि लेक, जी कुणापासून पळत नव्हती, नुसती जगाच्या कामाला निघाली होती, ती चित्रातून पार नाहीशी होई. एकदा ढग आला. ढग आला म्हणजे माप बदललं. पुन्हा गुडघे. मापं घेऊन परत येईतो ढग गेला.

"आता दाबा!" बायको ओरडे, आणि तो दाबे. खट् होई. पण 'आता' आणि 'खट्' यांच्या मधल्या वेळात तो एकदा पट्टीकडे बघून घेई, आणि तेवढ्यात बाळाचं एक आयुष्य होऊन जाई.

दर खटक्यानंतर फिल्म पुढे सरकवायची कळ करकर वाजे, आणि कोपऱ्यात डोळे मिटून बसलेले सासरेबुवा मनात मोजत असत. सहाव्याला ते खुर्चीत सावरून बसले. नवव्याला त्यांनी घसा साफ केला. दहाव्या वेळी लेकीने मीटर हस्तगत करून तोंडात घातलं आणि ते काढून पुसेपर्यंत कोणाचा तरी धक्का लागून अकरावा फोटो आपोआप निघाला. कशाचा, ते त्याचं त्यालाच सांगता येईना.

"जावईबापू," सासरेबुवा हळूच म्हणाले, "एक राहिलाय."

गणिताच्या बाईंना अचानक गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवलं. बायकोने लेकीला उचललं, तिच्या मानेत तोंड खुपसलं, आणि तशीच म्हणाली, "असू दे. एक तर आहे." तिने रागवायला हवं होतं. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? कॅमेरा बायकोच्या हातात दिला असता. पण निरीक्षकाचं मन दुखावलं होतं, आणि दुखावलेलं मन नेहमी नियमांकडे धावतं. त्याला वाटलं, चूक मीटरमध्ये असणार. लेकीची लाळ आत गेली असेल. आधीच जुनं. शेवटचा फोटो पडताळणी न झालेल्या साधनावर काढणं म्हणजे चक्क बेजबाबदारपणा. आणि पडताळणीचं सगळ्यात मोठं ठिकाण तर त्याचंच ऑफिस!

सोमवारी तो मीटर रुमालात गुंडाळून ऑफिसला गेला.

हेडक्लार्कबाईंनी नोंदवही उघडली. "काय मोजतं हे?"

"उजेड."

"उजेड वजनात धरायचा का मापात?"

"मापात."

"लांबी, क्षेत्रफळ की आकारमान? तीनच रकाने आहेत."

"तिन्ही नाही."

"मग साहेब, तुमचा उजेड आपल्याकडे येत नाही," त्या प्रेमाने म्हणाल्या, आणि वही मिटणार तोच आतून मोठे साहेब बाहेर आले. मोठे साहेब नवीन होते. नव्या साहेबाला सगळं वाचायचं असतं.

"हे मोजण्याचं साधन आहे?"

"हो, साहेब."

"पडताळणी झालेली नाही?"

"नाही, म्हणून तर आणलं."

"आणि वापरात आहे?"

इथे 'नाही' म्हणता आलं असतं. घरातली वस्तू, कोण विचारतंय! पण अकरा वर्षांच्या नोकरीत तो ऑफिसात एकदाही खोटं बोलला नव्हता. "काल अकरा वेळा वापरलं," तो म्हणाला.

मोठ्या साहेबांनी खेदाने मान हलवली. पडताळणीसाठी दाखल झालेलं आणि पडताळता न आलेलं साधन वरून मार्गदर्शन येईपर्यंत बंद करायचं, हा नियम होता. तो नियम निरीक्षकाला तोंडपाठ होता. गेल्याच महिन्यात त्याने तो एका भाजीवालीला म्हणून दाखवला होता.

"शिक्क्याचा चिमटा कोणाकडे आहे?"

चिमटा त्याच्याच पिशवीत होता. त्या दिवशी बाकीचे निरीक्षक फिरतीवर गेले होते. तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने सासऱ्यांच्या मीटरभोवती तार गुंडाळली, काट्यावर कागद डकवला, शिशाचा ठोकळा ओवला आणि चिमट्याने दाबून शिक्का मारला. मग कागदपत्रं. बंद करणारा अधिकारी म्हणून त्याने एका रकान्यात सही केली, साधनाचा धारक म्हणून दुसऱ्या. स्वतःला प्रत दिली आणि ती मिळाल्याची पोचही स्वतःच दिली. 'धारकाचे म्हणणे' या जागेत काय लिहावं याचा त्याने बराच वेळ विचार केला आणि शेवटी लिहिलं: 'बाळ स्थिर राहत नाही.'

"वापरणार नाही या अटीवर घरी न्यायला हरकत नाही," मोठे साहेब म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते.

त्या संध्याकाळी तो बाजारातून घरी निघाला तेव्हा वाण्याने त्याला हाक मारली. बातमी पोहोचली होती. "साहेब, किती फरक निघाला?" वाण्याने विचारलं. थट्टा करायची म्हणूनच विचारलं असणार, पण याचा चेहरा बघून वाणी ओशाळला आणि म्हणाला, "बसा जरा. पाणी घ्या." त्या दिवशी प्रथमच निरीक्षक त्या दुकानात बसला आणि पाणी प्यायला.

घरी त्याने मीटर बायकोसमोर ठेवलं. तारेत जखडलेलं, ठोकळा लोंबणारं. बायकोने ते उलटसुलट करून पाहिलं. तिच्या ओठांचे कोपरे हलायला लागले. तिने ते दाबले. पुन्हा हलले.

"अहो," ती कशीबशी म्हणाली, "तुम्ही... तुम्हीच?"

"नियम होता."

मग मात्र तिला आवरेना. ती हसत हसत खाली सतरंजीवरच बसली, लेक तिच्या अंगावर चढली आणि कारण माहीत नसताना तीही हसायला लागली. निरीक्षक ताठ उभा होता. कोपऱ्यातून सासरेबुवांनी हात पुढे केला. "आणा इकडे." त्यांनी बोटांनी तार चाचपली, ठोकळा चाचपला, शिक्क्यावरची अक्षरं अंगठ्याने वाचली.

"काम नेटकं केलंत," ते म्हणाले. "सैल नाही कुठे."

निरीक्षकाच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बाबा, तुमची एवढी एक फिल्म होती. मी अकरा फोटो घालवले. आणि आता मीटरही घालवलं."

"मीटरचं काय घेऊन बसलात. उद्या सकाळी बघू," सासरेबुवा म्हणाले. "नऊच्या सुमाराला त्या खिडकीत चांगला उजेड येतो. रोज माझ्या पायांवर येतो, मला माहिती आहे."

दुसऱ्या दिवशी निरीक्षकाने ऑफिसात रजेचा अर्ज पाठवला. कारण: घरगुती. गणिताच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, पण आत आल्या नाहीत. त्यांनी आज चष्मासुद्धा आणला नव्हता. कॅमेरा खुर्चीवर ठेवला, सतरंजीच्या समोर. सासरेबुवा त्याच्या मागे स्टुलावर बसले. वरून डोकावून त्यांनी मान हळूहळू हलवली, सुरळीतून शोधावं तशी, आणि अंगठा शटरच्या कळीवर ठेवला.

"बाळ कुठे आहे ते मला नका सांगू. ती थांबली की फक्त 'हं' म्हणा. जावईबापू, तुम्ही रिंगपाशी बसा."

मग त्यांनी आपला डावा हात पुढे, खिडकीच्या उजेडात धरला. पालथा. सुरकुतलेला, शिरा वर आलेला. त्याच्याकडे ते बघत राहिले. जागेवर थांबणारी वस्तू, म्हणून त्यांना ती पूर्ण दिसत होती. हाताच्या मागच्या बाजूवरचा उजेड, बोटांच्या फटींमधली सावली.

"आठवर आहे का?"

"हो."

"मागे घ्या. अजून. अजून थोडं. हं, आता मध्ये आलं असेल."

निरीक्षकाने कागदाच्या पट्टीकडे बघितलं नाही. आदल्या रात्री ती बायकोने ओल्या कापडाने सोडवून टाकली होती. पण रिंग मधोमधच होती, हे त्याच्या बोटांना कळलं.

"आता जरासं मागे," सासरेबुवा म्हणाले.

बायकोने श्वास धरला. दारातल्या बाईंनीही धरला. निरीक्षकाने तोंड उघडलं. सगळ्यांना माहीत होतं तो काय विचारणार आहे. त्याने तोंड मिटलं, आणि रिंग जरासं मागे नेली.

"बस्," सासरेबुवा म्हणाले. रिंग त्यांना दिसत नव्हती. जावयाचा श्वास सुटलेला ऐकू आला असेल.

राहिली बाळाची गोष्ट. लेक सतरंजीवर बसली होती आणि कोणत्याही क्षणी जगाच्या कामाला निघणार होती. तिचा एक हात पुढे पडला. दुसरा गुडघा उचलला. काहीतरी करायला हवं म्हणून निरीक्षकाने खिशात हात घातला, तर हाताला मीटर लागलं. त्याने ते गळ्यात अडकवायच्या दोरीने वर उचललं आणि कॅमेऱ्याच्या शेजारी धरलं. वापरणार नाही अशी अट होती. लोंबकळवणार नाही अशी नव्हती. तारेत जखडलेलं मीटर हळूहळू फिरायला लागलं, शिशाचा ठोकळा झुलायला लागला, खिडकीचा उजेड त्याच्यावर चमकला.

लेक थांबली. गुडघा खाली आला. ती नीट बसली, मान वर केली, तोंड किंचित उघडलं आणि एखादा निरीक्षक काट्याकडे बघतो तशी, अत्यंत गंभीरपणे, त्या ठोकळ्याकडे बघत राहिली.

"हं," बायको म्हणाली.

खट्.

फिल्म धुण्याचं काम दुपारी न्हाणीघरात झालं. दाराच्या फटीत टॉवेल कोंबले, खिडकीला जाड चादर लावली, दिवा घालवला. फिल्म डब्यात भरताना उजेडाचा कणही चालत नाही. निरीक्षकाला स्वतःचा हात दिसेना. त्याचं कोपर नळाला आपटलं, बादली उलटली, साबण कुठेतरी पडला.

"जावईबापू, तुम्ही उभे राहा फक्त," अंधारातून आवाज आला. मग नुसता फिल्मचा सरसर आवाज, एका संथ लयीत, न अडखळता. "अंधारात मी चाळीस वर्षं असंच काम करतोय. इथे माझं काही गेलेलं नाही बघा."

निरीक्षक ओल्या फरशीवर निमूट उभा राहिला. अंधारात कोणी बघत नव्हतं, म्हणून त्याने म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. सरसर थांबली नाही.

संध्याकाळच्या आधी फिल्म दोरीवर चिमट्यांनी टांगलेली होती. पहिले अकरा फोटो बायकोने एकेक वाचून दाखवले. लाकडी बदक. नुसती सतरंजी. एक पाऊल. डोक्याचा मागचा भाग. पुन्हा बदक. गणिताच्या बाईंचा चष्मा. गुडघ्यांवर बसून रिकाम्या हवेचं माप घेणारा एक गृहस्थ. तो अकरावा कसा निघाला, देव जाणे.

सासरेबुवांनी फिल्म खिडकीसमोर धरली. चेहरे नाही, पण काळं किती नि पांढरं किती, हे त्यांना कळत होतं. "अकराही एकसारखे आलेत," ते म्हणाले. "उजेड अगदी तोलून घेतलाय. बदकाच्या चोचीत कणभर चूक नाही."

"आणि बारावा?" निरीक्षकाचा जीव टांगणीला लागला होता.

सासरेबुवांनी बारावा खिडकीसमोर आणला. बराच वेळ बघितला.

"जास्त झालाय. अर्धा स्टॉप, वर थोडं."

निरीक्षकाच्या तोंडचं पाणी पळालं. "मी जरासं जास्तच मागे—"

"चांगलं झालं. जुनी फिल्म आहे, जास्तीचं पोटात घालते, कमी पडलं तर रुसते. नाकाच्या बाजूची सावली छान उघडलीय." त्यांनी फिल्म खाली केली. "छापा आता. मोठा नको."

मोठा नको! बाई म्हणत होत्या, मोठाच करा, दाराएवढा करा, म्हणजे त्यांना दिसेल. पण सुरळीतून दार दिसत नाही. दाराची कडी दिसते. फोटो छापला तो फिल्मच्याच आकाराचा, काड्यापेटीहून थोडा मोठा. दुसऱ्या दिवशी सकाळी, नऊच्या उजेडात, निरीक्षकाने तो कोरडा करून सासऱ्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो हाताच्या अंतरावर धरला. थोडा डावीकडे नेला, थोडा उजवीकडे. जवळ आणला. पुन्हा लांब. मग हात थांबला.

नळाचा थेंब टपकत होता, पण तो बंद करायला कोणी उठलं नाही. निरीक्षकसुद्धा नाही.

"सापडली," सासरेबुवा म्हणाले.

आणि मग, खूप वेळाने, "अगं, हिची हनुवटी तर तुझ्या आईची आहे! मला कोणी सांगितलंच नाही!"

नात तेवढ्यात रांगत येऊन त्यांच्या पायाला धरून उभी राहिली होती, आयुष्यात पहिल्यांदा, आणि त्याचं कोणालाच काही पडलं नव्हतं. सासरेबुवांनी फोटोवरून नजर न हलवता दुसरा हात खाली नेला. तो हात तिच्या डोक्यावर बरोब्बर पडला. एका हातात ती सगळी होती, दुसऱ्या हाताखाली ती डुलत होती.

"बाबा," निरीक्षक गुडघे टेकून हळूच म्हणाला, "उभी राहिलीय ती."

"किती वेळ?"

त्याच्या मनगटावर घड्याळ होतं, सेकंदकाट्याचं. त्याने त्याच्याकडे बघितलं नाही.

"जरासं," तो म्हणाला, आणि ती पडायच्या आत झेलता यावी म्हणून दोन्ही हात पुढे करून बसून राहिला.